द्राक्षबागेतला छाटणीचा पाला : एप्रिलचा चालतो, ऑक्टोबरचा उचलाच

पुणे : छाटणी उरकली, मजुरांचा हिशेब झाला, की सगळ्यांचं लक्ष पेस्ट आणि फुटीकडे लागतं. कापलेल्या काड्या आणि पाला मात्र दोन ओळींच्या मधे, नाहीतर बांधाला ढीग करून तसाच राहतो. जुन्नर असो की इंदापूर, बऱ्याच बागांतलं हे चित्र. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्यालाही त्यातला वाटा मिळतो.

आपल्याकडे वेलीला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, म्हणजे गोडी छाटणी. दोन्हींचा पाला एकसारखा धरणं, इथंच गणित चुकतं. एप्रिलमध्ये ऊन कडक, हवा कोरडी. बाग निरोगी असेल तर काड्या श्रेडरमधून बारीक करून बोदावर खुशाल आच्छादन करा. ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो.

ऑक्टोबरच्या पानांनी मात्र अख्खा पावसाळा अंगावर काढलेला असतो. इथेफॉन मारून पानगळ केली की ती वेलीखालीच पडतात. त्यावर छाटणी होते आणि कोवळी फूट नेमकी परतीच्या पावसात सापडते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसानंतर डाऊनीने बागांचे काय हाल केले, हे जुन्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको.

आता कोणता रोग कशात टिकतो ते पाहू. डाऊनी म्हणजे केवडा. त्याचे जाड भिंतीचे बीजाणू गळलेल्या पानांत सुप्त राहतात आणि पाऊस झाला की पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जमिनीलगतच्या पानांवर चढतात. (शास्त्राप्रमाणे ही खरी बुरशी नाही, पण व्यवहारात आपण तिला बुरशीच म्हणतो.) करपा काडीवरच्या खोलगट काळ्या डागांत आणि तारांना गुंडाळलेल्या सुकलेल्या बाळ्यांमध्येही राहतो. बाळ्या तशाच तारेवर ठेवून खालचा पाला कितीही झाडला तरी काम अर्धवटच. भुरीचे बीजाणू वाऱ्याने येतात. त्यामुळे पाला उचलला म्हणून भुरी येणारच नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पाला उचलून करायचं काय? पेटवून देणं सोपं वाटतं. पण त्यात सेंद्रिय पदार्थ जळून जातो, आणि ढीग ओळीजवळ असेल तर वेलीला झळ बसते ती वेगळीच. बागेपासून लांब, पाणी वाहून बागेकडे येणार नाही अशा जागी शेण आणि ट्रायकोडर्मा घालून खत करावं. ढिगाच्या पोटात ५५ अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकली तर बहुतेक रोगजंतू मरतात. कडेचा पाला गारच राहतो, म्हणून वरखाली करायला विसरू नका. खोडकुजीच्या, आतून तपकिरी पडलेल्या काड्या मात्र या ढिगात नकोत. त्या बाजूला काढून जाळलेल्याच बऱ्या.

पाला निघाला की फुटीआधी खोड, ओलांडे, काड्या आणि बोदावर एक टक्का बोर्डो मिश्रण घ्यावं : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. फूट निघाल्यावर हेच मिश्रण कोवळ्या पानांना चटका देऊ शकतं. तयार द्रावणात लोखंडी पातं थोडा वेळ बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. तो वाढवून पुन्हा तपासायचं आणि मगच पंप भरायचा. रोगाबद्दल शंका असेल तर डागाळलेली काडी आणि पानं घेऊन मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात दाखवता येतील.