चौकातला उजेड

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील घरांना रस्त्याच्या अंगाला खिडक्या थोड्याच. उजेड यावयाचा तो मधल्या चौकातून. सोपा, माजघर, स्वयंपाकघर सारे त्यावरच उघडे. जोते काळ्या दगडाचे, भिंती पांढऱ्या मातीच्या, खांब सागवानी. चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी. मंगळुरी कौले मात्र त्या मानाने अलीकडची. बासेल मिशनच्या आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला. पुढे त्याच घडणीची काचेची कौलेही आली आणि अंधाऱ्या माजघरात उन्हाचा कवडसा पडू लागला.

मग सिमेंट आले. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने चौकावर स्लॅब टाकला, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. घराला आशीर्वाद देताना ‘आता घर पक्के झाले’ असे आम्हीच म्हणालो होतो! मातीची भिंत ओल शोषते, तशी सोडतेही. सिमेंट ती वाट बंद करते. २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी घरात शिरले आणि ओसरले, पण भिंतींतली ओल वर्षभर हटली नाही. आजींच्या खोलीत दिवसाही दिवा लागे.

अखेर मुलांनी स्लॅब काढला, सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला. काम स्वस्तात झाले नाही. चुना मळणारा गवंडी मिळेपर्यंतच एक पावसाळा गेला. परवा गेलो, तेव्हा आजी चौकालगत बसून गहू निवडत होत्या. आमच्या त्या वाक्याची आठवण त्यांनी काढली नाही, आम्हीच काढली.