रसवांगी

परमुलखात गेलेल्या प्रवाशाला तेथील अस्सल अन्न चाखण्याची हौस असते. चेन्नईतील गिंडी या भागात सरकारी कामासाठी काही दिवस मुक्काम पडला, तेव्हा मीही त्याच शोधात होतो. एका तमिळ सहकाऱ्याने घरी जेवावयास बोलाविले. त्याच्या मातोश्रींनी केळीच्या पानावर चिंच घातलेली वांग्यांची दाट भाजी वाढली आणि नाव सांगितले, ‘रसवांगी’. शेजारी उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेली ‘डांगर पचडी’ होती. मी चमकून म्हणालो, ‘‘अम्मा, हे तर आमचे शब्द!’’ मुलाने भाषांतर केले. त्या हसून म्हणाल्या, ‘‘तुमचे कसे? हे आमच्या तंजावरचे.’’

श्रोतेहो, दोघांचेही म्हणणे खरे होते. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. तेथील भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. या पावणेदोनशे वर्षांत मराठी दरबार तमिळ मुलखात रुजला, आणि त्याबरोबर मराठी मुदपाकखानाही. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेले दुसरे सरफोजी विद्येचे मोठे चाहते. त्यांच्या नावाचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केला आहे. स्वयंपाकाची विद्या लिहून ठेवण्याजोगी आहे, असे त्या दरबारास वाटत होते.

सांबाराची कथाही येथलीच. संभाजीराजे तंजावरास आले असता आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली आणि त्यांच्या नावावरून पदार्थाला नाव मिळाले, असे सांगतात. कथा आपल्या अभिमानाला गोंजारते. परंतु तिला समकालीन कागदाचा आधार नाही. शिवाय चिंच-गुळाची आमटी देशावरही घरोघर होते. चिंचेसाठी तंजावर गाठण्याचे कारण नव्हते. ‘संभार’ हा साहित्य, जुळवाजुळव या अर्थाचा संस्कृत शब्दही विचारात घ्यावा लागतो.

रसवांगीची गोष्ट निराळी. तिच्या नावातच रस आणि वांगी आहेत. तेथे आख्यायिकेची गरज पडत नाही. डांगर तर आपण आजही त्याच नावाने खातो. मात्र तमिळ घरातील ‘पिटलै’ पाहा. नाव पिठल्याच्या जवळचे, पण आत तुरीची डाळ, चिंच आणि भाजून वाटलेला मसाला. बेसनाचा मागमूस नाही. शब्द टिकला, पदार्थ बदलला.

तेव्हा अस्सल कशाला म्हणावे? मूळ गावी जसे होते तसेच राहिलेले, एवढाच अर्थ घेतला तर त्या पानावर अस्सल असे थोडेच सापडेल. पण जे पिढ्यान्‌पिढ्या रांधले गेले, ज्याला रांधणारी बाई निःशंकपणे ‘आमचे’ म्हणते, ते अस्सलच म्हटले पाहिजे. राज्य जाऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला. त्याचे शब्द मात्र गिंडीच्या एका घरात, मराठीचे एक वाक्यही न जाणणाऱ्या अम्मांनी सांभाळले होते. आपला हक्क सांगण्यापूर्वी मी त्यांचे आभार मानावयास हवे होते.