आडवी पडलेली ज्वारी उभी कशी राहते? (थ्रेड)

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या परिसरात काय किंवा मराठवाड्यात अन्यत्र काय, अवकाळी वाऱ्यापावसाने ज्वारी लोळली की पहिला प्रश्न असतो ताटाच्या वयाचा. ताट कोवळे असेल तर ते पेरापाशी वाकून काही दिवसांत पुन्हा वर उठते. पक्व ताट मात्र उठत नाही. कणसासोबत कडब्याचीही नासाडी होते.

वनस्पतीला ‘वर’ आणि ‘खाली’ कळते तरी कसे, याचा उलगडा होण्यास विज्ञानाला सव्वाशे वर्षे लागली.

१८०६ साली थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागाईततज्ज्ञाने पाण्यावर फिरणाऱ्या चाकाच्या कडेला बिया बांधल्या. चाक अखंड वेगाने फिरत राहिले. मुळे बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब चाकाच्या केंद्राकडे वळले. म्हणजे बीजाला दिशा दाखवणारे ते गुरुत्वाकर्षणच. चाकाच्या गतीतून निर्माण झालेल्या जोराने केवळ त्याची जागा घेतली होती. इतक्या साध्या साधनांनी इतका मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणे विरळाच.

१८८० साली चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी प्रकाशाचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर प्रकाश अडवणाऱ्या टोप्या घातल्या. असे कोंब प्रकाशाकडे वळेनात. प्रकाश जाणवतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. तेव्हा वरून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

तो निरोप १९२० च्या दशकात हॉलंडमधील फ्रिट्स वेंट यांच्या हाती लागला. त्यांनी कोंबाची कापलेली टोके अगरच्या तुकड्यावर ठेवली, मग तो तुकडा टोक कापलेल्या कोंबाच्या एका कडेला बसवला. अंधारातही कोंब वाकला! टोकातून अगरमध्ये उतरलेले हे द्रव्य म्हणजे ऑक्झिन. कोंबाच्या सावलीकडील बाजूस ते अधिक साचते, ती बाजू जास्त लांबते आणि कोंब उजेडाकडे झुकतो.

लोळलेल्या ज्वारीत हेच घडते. पेरातील पेशींमधले जड पिष्टकण खालच्या बाजूस बसतात, तेथे ऑक्झिन वाढते, पेराची खालची बाजू लांबते आणि ताट वर उचलले जाते. पक्व पेराची वाढण्याची क्षमताच संपलेली असते.

या कथेचा पुढचा भाग प्रयोगशाळेबाहेरचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेत ऑक्झिनसारखी कृत्रिम द्रव्ये शोधली गेली. ‘टू-फोर-डी’ हे तणनाशक त्यांपैकीच. रुंद पानांचे तण त्याने बेफाम, वेडेवाकडे वाढून मरते. ज्वारी-मक्यासारखी गवतवर्गीय पिके योग्य वेळी योग्य मात्रेत फवारल्यास तग धरतात.

जालना हा मात्र कपाशीचाही जिल्हा, आणि कपाशी या द्रव्याला अतिशय संवेदनशील. मक्यावर फवारलेले थेंब वाऱ्याने बांध ओलांडून गेले, तर शेजारच्या कपाशीची पाने अरुंद व लांबट होतात. पंप नीट न धुता तोच कपाशीत नेला तरी हाच परिणाम दिसतो.