भूकंपातलं रक्त आणि मावशीचा तांब्या

३० सप्टेंबर १९९३. पहाटे सास्तूर हललं तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. आमची मावशी ढिगाऱ्यातून निघाली, मांडीचं हाड मोडलेलं. दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं म्हणून वाचली. तेव्हा ज्यांनी रक्त दिलं त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, हे आधी लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिचं रक्त तपासलं. हेपेटायटिस सी पॉझिटिव्ह! घरात लगेच तिचं ताट-तांब्या वेगळा झाला. अहो, हा आजार रक्तातून पसरतो, उष्ट्यातून नाही. पण ऐकतंय कोण?

हा विषाणू सापडला १९८९ मध्ये, अमेरिकेत. तोवर डॉक्टर त्या काविळीला नुसतं 'ए नाही, बी नाही' म्हणायचे. आपल्याकडे रक्तपेढ्यांना त्याची तपासणी सक्तीची व्हायला नवं शतक उजाडलं. भूकंपाच्या वेळी ती सक्ती नव्हतीच. मावशीला त्या बाटलीतूनच लागण झाली असं मी म्हणत नाही. एखादी न उकळलेली सुईही असेल.

पुढे विषाणूच्या आरएनएची तपासणी केली. निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, पहिल्या रिपोर्टात दिसल्या त्या अँटीबॉडी, जुन्या लढाईच्या खुणा. विषाणू शरीरानंच कधीतरी संपवलाय. दहातल्या साधारण तिघांत असं होतं.

यात मोठं काम टी पेशींचं. टी पेशीला अख्खा विषाणू दिसत नाही. आडतीत पोत्यातला मूठभर माल काढून दाखवतात ना, तसं यकृताची पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर मांडून दाखवते. तुकडा परका निघाला की टी पेशी ती पेशीच मारते. विषाणूही बेरकी, तुकड्यात थोडा बदल करतो आणि ओळख चुकवतो. बहुतेकांत तोच जिंकतो. याची लस अजून नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

पूर्व जर्मनीत १९७८-७९ मध्ये बाळंतिणींना दूषित इंजेक्शनं दिली गेली होती. वीस वर्षांनी बऱ्या झालेल्या बायकांना तपासलं, तर अनेकींच्या अँटीबॉडी विरून गेल्या होत्या. टी पेशी मात्र विषाणूची प्रथिनं अजून ओळखत होत्या.

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. विषाणू शिल्लक असेल तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आरएनएचीही तपासणी मागून घ्या.

मावशीला गोळ्याही लागल्या नाहीत. ताट परत पंगतीला आलं. तांब्या मात्र ती अजून वेगळाच वापरते. सुनेवर राग आहे.