घासांचा हिशोब

मूल किती जेवते, हा प्रश्न घरच्या माउलीला कधी अवघड वाटत नाही. ताटात वाढलेले तिच्या डोळ्यांसमोर असते आणि उरलेलेही. परंतु तोच प्रश्न शास्त्रज्ञाने विचारला, की त्याचे स्वरूप पालटते. ‘पोटभर जेवतो’ किंवा ‘नुसते चिवडतो’ अशा उत्तरांनी त्याचे समाधान होत नाही. त्याला वजन हवे, उष्मांक हवेत. काही मुले स्थूल का होतात, हे शोधू पाहणाऱ्याचे तर या हिशोबावाचून पाऊलच पुढे पडत नाही. या हिशोबाच्या इतिहासात एक मोठी चूक झाली, आणि ती उमगण्यास जवळजवळ तीन तपे जावी लागली.

इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात एल्सी विडोसन या विदुषीने या कामास हात घातला. तोवर आहाराची पाहणी बहुधा कुटुंबाच्या हिशोबाने होई. घरात आलेला शिधा मोजून त्याची माणशी वाटणी केली जाई. विडोसन यांनी प्रत्येक मूल स्वतंत्र धरले. एक ते अठरा वर्षे वयाच्या हजाराहून अधिक मुलामुलींचे खाणे आठवडाभर तोलून लिहून ठेवण्यात आले. तोललेल्या अन्नातील सत्त्वांश काढण्यासाठी लागणारी कोष्टके रॉबर्ट मॅकन्स आणि विडोसन यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केली होती. १९४७ च्या अहवालातून दिसून आले, की एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट आहार घेत असू शकते. सरासरीवरून एखाद्या मुलाविषयी मत बनवणे किती धोक्याचे आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

परंतु आठवडाभर तराजू घेऊन बसणे सर्वांनाच साधणारे नव्हते. मोठी मुले तर घराबाहेरही खात. म्हणून अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील बर्था बर्क यांनी सविस्तर मुलाखतीची पद्धती बसवली. नेहमी काय खाता, किती वेळा, केवढे, असे खोदून विचारायचे आणि उत्तरे पुन्हा ताडून पाहायची. १९५६ मध्ये जॉन्सन, बर्क आणि ज्याँ मेयर यांनी अठ्ठावीस स्थूल आणि तितक्याच इतर शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघालेले उत्तर अनपेक्षित होते. स्थूल मुली इतरांपेक्षा कमी खात असल्याचे दिसले! तेव्हा त्यांच्या स्थूलतेस अतिभोजनापेक्षा हालचालींचा अभावच अधिक कारणीभूत आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

या मुलींची साक्ष पडताळून पाहण्याचे साधन तेव्हा हाताशी नव्हते. मात्र त्याचे बीज १९५५ मध्येच रुजले होते. मिनेसोटा विद्यापीठातील नॅथन लिफ्सन यांनी उंदरांच्या शरीरात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड, परंतु किरणोत्सारी नसलेली रूपे पाण्यावाटे सोडली. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो पाण्यावाटे. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइडवाटेही पडतो. दोहोंच्या घटीतील अंतरावरून देहाने किती ऊर्जा खर्च केली, हे काढता येते. जड ऑक्सिजन फार महाग असल्यामुळे मनुष्यावर हा प्रयोग होण्यास १९८२ साल उजाडले. असे थोडे पाणी प्यायचे आणि पुढे काही दिवस लघवीचे नमुने द्यायचे, एवढेच मुलाला करावे लागते. वजन स्थिर असेल, तर खर्चलेली ऊर्जा अन्नातूनच आलेली असणार, हे उघड आहे.

१९९० मध्ये लिंडा बँडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलामुलींनी दोन आठवडे लिहिलेल्या आहाराच्या नोंदी या कसोटीवर घासून पाहिल्या. स्थूल मुलांच्या नोंदींत प्रत्यक्ष खर्चाच्या सुमारे ५९ टक्केच ऊर्जा आढळली. इतरांच्या नोंदींत सुमारे ८१ टक्के. स्थूल मुले कमी खातात, या समजुतीचा पायाच खचला. हालचालींचे महत्त्व त्यामुळे नाहीसे झाले नाही. पण मुखाने सांगितलेल्या आहारावर उभारलेला युक्तिवाद टिकला नाही.

तथापि स्थूल मुले खोटे बोलतात, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. जी स्थूल नव्हती, त्यांच्याही नोंदींतून सुमारे पंचमांश आहार निसटला होता. चालता चालता तोंडात टाकलेले आठवत नाही. वाटी केवढी होती, हे नेमके सांगता येत नाही. आणि लिहावे लागते म्हटले, की माणूस त्या दिवसांत हात आखडूनही खातो. ज्या मुलाला त्याच्या अंगावरून नित्य हिणवले जाते, त्याला आपले खाणे कागदावर मांडण्याचा संकोच अधिक वाटावा, यात नवल नाही.

भारतात आहाराची मोजदाद सुरू झाली ती अन्नाच्या आधिक्यासाठी नव्हे, अभावासाठी. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून ऑक्रॉइड यांची भारतीय अन्नपदार्थांवरील पुस्तिका १९३७ मध्ये निघाली. कुटुंबाचा शिधा तोलून जो हिशोब होई, त्यात मूल हे प्रौढ पुरुषाचा एक अपूर्णांक म्हणून धरले जाई. आता प्रश्न दुहेरी झाला आहे. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण पाहणीत किशोरवयीनांपैकी सुमारे २४ टक्के कृश, तर सुमारे ५ टक्के अतिवजनी आढळले. दोघांच्याही ताटाचा हिशोब अपूर्णांकाने लागणारा नाही.

आहाराच्या नोंदी त्यामुळे निरुपयोगी ठरल्या असे नव्हे. मूल भाजी खाते की नाही, गोड पेये किती वेळा घेते, हे आजही विचारूनच कळते. मात्र एकूण उष्मांकांचा निवाडा केवळ त्या वहीवरून करता येत नाही. समोर बसलेल्या मुलाच्या वहीतील आकडे जुळले नाहीत, तर त्याला दटावण्यापूर्वी प्रश्न विचारणाऱ्याने आपले मापच तपासून घ्यावे, एवढे शहाणपण या इतिहासाने शिकवले आहे.