काठ नसलेले पाणी

समुद्र पोहून जाणाऱ्यांविषयी धाराशिवच्या माणसाने लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. आमचा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसलेला. कोकणचा किनारा येथून तीनएकशे किलोमीटर दूर. आमच्याकडे पडणारा पाऊसही त्या बाजूला जात नाही. तेरणा-मांजरेचे पाणी गोदावरीला मिळते, सीना-बोरीचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते आणि दोन्ही वाटांनी ते अखेर पूर्वसमुद्र गाठते. पाऊस रुसला, की त्या वाटाही कोरड्या पडतात. पाण्याचा हिशेब आम्ही घागरींनी करतो. मैलांनी करण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नाही.

तरीही पोहणे या मुलखाला परके नव्हते. नळदुर्गला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 साली, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा तो बंधारा आजही उभा आहे, आणि पावसाळ्यात त्यावरून नर-मादीचे धबधबे कोसळू लागले, की पाहणाऱ्यांची रीघ लागते. पण ती झाली पाहण्याची गोष्ट. आमची पोहण्याची खरी शाळा म्हणजे गावोगावच्या बारवा आणि मोटेच्या विहिरी.

त्या शाळेची रीत ठरलेली होती. उन्हाळ्याची सुटी लागली, की मुलाच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर तोंड घट्ट बंद केलेला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला चऱ्हाट आवळायचे, आणि त्याचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या वडीलधाऱ्याने धरायचे. मला माझ्या काकांनी असेच शिकवले. चऱ्हाट ते नेहमी सैल सोडीत. मी घाबरून ते ओढू लागलो, की वरून आवाज येई, "दोर हाये म्हणून पोहायचं. दोराला लटकायचं न्हाई." चार दिवसांनी डबा सुटला, आठ दिवसांनी चऱ्हाट सुटले, आणि मग मोटेच्या धावेवरून पळत येऊन सूर मारण्यापर्यंत आमची मजल गेली.

पुढे समुद्र पोहणाऱ्यांच्या हकिकती वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की आमच्या पोहण्यात एक मोठी सोय होती. विहिरीत कुठेही असलात तरी चार हात मारले, की दगड हाताला लागतो. दम लागला, कपारीला धरले. भीती वाटली, पायरी गाठली. समुद्रात हा काठच नाहीसा होतो. लांब पल्ल्याच्या पोहण्यातली सारी अवघड बाजू या एका गोष्टीत आहे. शरीराचे हाल असतात, फार असतात. पण काठ दिसत नसताना हात चालू ठेवणे हे त्याहून कठीण काम.

या खेळाचा इतिहास बहुधा इंग्लिश खाडीपासून सांगतात. 1875 सालच्या ऑगस्टच्या 24 तारखेला कॅप्टन मॅथ्यू वेब हा इंग्रज खलाशी डोव्हरहून पाण्यात उतरला आणि पावणेबावीस तासांनी, दुसऱ्या दिवशी, फ्रान्सच्या कॅले गावी लागला. त्याच महिन्यातला त्याचा पहिला प्रयत्न हवामानाने हाणून पाडला होता. दुसऱ्या खेपेस वाटेत त्याला जेलीफिश डसला. पण त्याची खरी परीक्षा झाली ती फ्रान्सचा किनारा जवळ आल्यावर. तेथील प्रवाहाने त्याला सुमारे पाच तास किनाऱ्याला लागू दिले नाही. हात चालू आहेत, जमीन समोर आहे, आणि अंतर मात्र तुटत नाही.

याचे कारण भरती-ओहोटीत आहे. डोव्हरच्या सामुद्रधुनीची रुंदी सरळ रेषेत एकवीस मैल, म्हणजे तेहतीस-चौतीस किलोमीटर. पण साधारण सहा तासांनी प्रवाहाची दिशा पालटते. पोहणारा आडवा जात असतो आणि पाणी त्याला उभे वाहून नेत असते, त्यामुळे त्याची वाट नागमोडी होऊन कितीतरी लांबते. म्हणून जाणकार उधाणाचे दिवस टाळतात आणि भांगाच्या भरतीचा मुहूर्त धरतात. त्यात थंडीची भर. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते, आणि खाडीचे पाणी भर उन्हाळ्यातही सोळा-अठरा अंशांच्या आसपास असते. अंगाला चरबी फासतात ती मुख्यतः कातडे घासून सोलू नये म्हणून. थंडीशी शरीरालाच झुंजावे लागते. खारट पाण्याने जीभ सुजते, खांदे भरून येतात, मळमळते. गारठा फार चढला तर विचारही अडखळू लागतात, आणि आपले काय होत आहे हे पोहणाऱ्याला स्वतःला कळेनासे होते.

अशा वेळी त्याच्यासाठी विचार करते ती सोबतची नाव. खाडी पोहण्याचे नियम पाहणारी संस्था 1927 साली स्थापन झाली. तिच्या नियमांत एक नियम मला सर्वांत थोर वाटतो. नाव शेजारून चालेल, नावेतली माणसे पेज-पाणी काठीने किंवा दोरीने पुढे करतील, धीर देतील. पण पोहणाऱ्याला कोणी आधार द्यायचा नाही आणि त्यानेही नावेला धरायचे नाही. धरले, की पोहणे संपले. नावेतला पंच मिनिटाला किती हात पडतात ते मोजत बसलेला असतो. ते कमी होऊ लागले, की तो सावध होतो. हे वाचले तेव्हा मला आमची विहीर आठवली. काकांच्या हातातले ते सैल चऱ्हाट हेच!

आपल्या उपखंडाच्या वाट्याला हे यश 1958 साली आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पूर्व बंगालचे ब्रजेन दास खाडी पार करणारे पहिले आशियाई ठरले. 27 सप्टेंबरला मिहिर सेन यांनी चौदा तास पंचेचाळीस मिनिटांत ती ओलांडली, आणि पहिल्या भारतीयाचा मान मिळवला. त्यापूर्वी त्यांनी अपयशही पुरेपूर चाखले होते. पुढच्याच वर्षी आली आरती साहा. वय अवघे अठरा. तिची तयारी झाली ती कलकत्त्याच्या देशबंधू पार्कातील तळ्यात. 1959 च्या एप्रिलमध्ये तेथे ती सलग आठ तास पोहली, आणि पुढे तिने सोळा तासांपर्यंत मजल मारली. चारही बाजूंनी काठ असलेल्या तळ्यात, काठाला हात न लावता सोळा तास! सागराची तयारी तळ्यात होऊ शकते ती अशी.

27 ऑगस्टला ती स्पर्धेत उतरली. तिची नाव यायलाच चाळीस मिनिटे उशीर झाला. तरीही सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला होता. तेथे उलटा प्रवाह लागला. दुपारी चारपर्यंत जेमतेम दोन मैल कापले गेले, आणि नावाड्याच्या आग्रहापुढे तिला पाणी सोडावे लागले. महिनाभराने, 29 सप्टेंबरला, ती फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरावरून पुन्हा निघाली आणि सोळा तास वीस मिनिटांनी सँडगेटला पोचली. खाडी पोहणारी ती पहिली आशियाई स्त्री. पहिल्या खेपेला तिला थांबायला लावणाऱ्या नावाड्याला दोष द्यावासा वाटतो खरा. पण दोर धरणाऱ्याचे कामच असे, की कधी सैल सोडायचा आणि कधी ओढून घ्यायचा हे त्याने ठरवायचे.

मनाचा पराभव कसा होतो याची साक्ष अमेरिकेच्या फ्लॉरेन्स चॅडविकने दिली आहे. खाडी दोन्ही दिशांनी पोहलेली ही बाई 1952 च्या जुलैत कॅटलिना बेटाकडून कॅलिफोर्नियाकडे निघाली. दाट धुके पडले. पंधराएक तासांनी तिने हार मानली, तेव्हा किनारा मैलभरही उरला नव्हता. जमीन दिसली असती तर पोचले असते, असे तिचे म्हणणे पडले. दोनच महिन्यांनी तिने तेच अंतर पार केले. अशा धुक्यातला उपाय अनुभवी पोहणारे एकच करतात. दूरच्या काठाचा विचारच करायचा नाही. पुढचा घोट अर्ध्या तासाने मिळणार आहे, तेवढाच काठ मानायचा. मग पुन्हा अर्धा तास. असे लहान लहान काठ मनानेच बांधीत जायचे.

महाराष्ट्रातील जलतरणपटूंना ही विद्या घरच्या पाण्यातही गिरवता येते. रायगड जिल्ह्यातील धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे अंतर सुमारे छत्तीस किलोमीटर. इंग्लिश खाडीच्या रुंदीशी हे जवळजवळ जुळते. थंडी तेवढी नाही, पण भरती-ओहोटी आहे, गढूळ पाणी आहे, जहाजांची ये-जा आहे. पोलिओने पाय अधू झालेले मुंबईचे राजाराम घाग यांनी 1988 साली इंग्लिश खाडी पार केली. मुंबईचेच तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नव्हते आणि दृष्टीही अधू होती. त्यांनी ती खाडी तीनदा ओलांडली. नावेवरचा आवाज कानी येत नाही, काठ डोळ्यांना स्पष्ट दिसत नाही, अशा माणसाने मनात केवढे काठ बांधले असतील! पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर 2018 च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून जगातील सात अवघड जलमार्ग पुरे केले. सातही मार्ग पुरे करणारे ते पहिले आशियाई.

हे सारे वाचून मी आमच्या गावच्या विहिरीकडे पुन्हा पाहतो. 1972 च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचे युग आले. पाणी चार-सहा इंच रुंदीच्या नळीत गेले, आणि त्या नळीत मुलाला काही पोहायला शिकवता येत नाही. मोट गेली, धाव मोडली, कित्येक बारवा गाळाने भरल्या. मग 2016 साली शासनाने मागेल त्याला शेततळे द्यायला सुरुवात केली. पाणी उघड्यावर परत आले, आणि फळबागांना ते तारकही ठरले. पण ज्या तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यांच्या उतारावर पाय ठरत नाही. काठ हातभर अंतरावर दिसतो आणि हाताला लागत नाही. असल्या तळ्यांत मुले आणि त्यांना काढायला धावलेली माणसे बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. वेब फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर पाच तास झुंजला. त्याला पोहता येत होते. या लेकरांना पाच मिनिटेही मिळत नाहीत.

आमच्या जिल्ह्यातून कोणी इंग्लिश खाडी पोहून जावे, अशी हौस मलाही आहे. एखादी मुलगी तेरणेच्या धरणात सराव करून गेली तर मी स्वतः पेढे वाटीन. पण त्याआधीचे काम साधे आहे. शेततळ्याभोवती कुंपण असावे. काठावरच्या खुंटाला बांधलेला गाठीगाठींचा दोर पाण्यात सोडलेला असावा, जवळ हवा भरलेली ट्यूब असावी. आणि दर उन्हाळ्यात, पाणी धड असलेल्या एखाद्या विहिरीवर, गावातल्या मुलांना, मुलींनाही, कमरेला चऱ्हाट बांधून कोणीतरी पाण्यात उतरवावे.

चऱ्हाट सैल सोडणारे हात तेवढे हवेत. ते हात आता साठीच्या पुढे गेले आहेत. माझेही.