गाडीचं ‘इंजिन काम’ निघालंय? गॅरेज निवडण्याआधी हे तपासा

“इंजिन काम निघालंय.” गॅरेजमधून आलेलं हे एक वाक्य घरचं बजेट कोलमडवायला पुरेसं असतं. त्यात खर्च विचारला तर “खोलल्यावर कळेल” असं उत्तर मिळतं. आणि एकदा इंजिन खोललं की गाडी त्याच गॅरेजमध्ये अडकते. सुटे पार्ट गोणीत भरून दुसऱ्या मिस्त्रीकडे नेणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे खरा निर्णय इंजिन खोलण्याच्या आधीच घ्यायला हवा. तो कसा घ्यायचा, नवी मुंबईत कोणते पर्याय आहेत आणि कागदोपत्री काय सांभाळायचं, ते समजून घेऊ.

‘इंजिन काम’ म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दात तीन वेगवेगळी कामं येतात.

पहिलं, हेडचं काम. इंजिनचा फक्त वरचा भाग उतरवला जातो. हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह सील बदलतात आणि हेड वाकलं असेल तर लेथवर फेसिंग करून सपाट करतात.

दुसरं, हाफ इंजिन. हेडसोबत पिस्टनच्या रिंग आणि बेअरिंगचं काम होतं, पण क्रँक सहसा तसाच ठेवतात.

तिसरं, फुल इंजिन. ब्लॉक पूर्ण रिकामा होतो. सिलिंडरचं बोरिंग, मोठ्या मापाचे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप, टायमिंग चेन, सगळं यात येतं.

अडचण अशी की ‘हाफ’ आणि ‘फुल’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक गॅरेजमध्ये थोडा वेगळा असतो. म्हणून दोन गॅरेजचे आकडे थेट एकमेकांशी ताडून बघू नका. त्या आकड्यात कोणकोणते पार्ट आणि कोणतं लेथकाम धरलंय, याची यादी मागा.

खरंच इंजिन खोलावं लागेल का?

धूर बरंच काही सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो आणि हे काम तुलनेनं स्वस्तात होतं. चढावर किंवा एक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल, तर रिंग किंवा सिलिंडर झिजले असण्याची शक्यता जास्त. थांबत नसलेला पांढरा धूर आणि कमी होत जाणारा कूलंट हेड गॅस्केटकडे बोट दाखवतो. काळा धूर मात्र बहुतेकदा इंधन आणि हवेचं गणित बिघडल्याचा असतो. इंजेक्टर, एअर फिल्टर, टर्बो, सेन्सर तपासल्याशिवाय काळ्या धुरासाठी इंजिन खोलू देऊ नका.

पण फक्त धुरावर निर्णय नको. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतोय, हे यात मोजतात. सिलिंडरमधला फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त असेल तर काहीतरी बिघडलंय. मग कमजोर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगचा असण्याची शक्यता जास्त, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. ही पद्धत पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलमध्ये दाब खूप जास्त असतो, तिथे मीटर वेगळा लागतो आणि ऑइल टाकण्याचा प्रयोग टाळतात. ही टेस्ट करायला जो मिस्त्री तयार नाही, त्याच्या हातात इंजिन देण्याआधी दोनदा विचार करा.

एक अपवाद आहे. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला आणि खालून ठकठक येत असेल, तर गाडी तिथेच बंद करा आणि टोइंग करून न्या. बेअरिंग गेलेलं असताना चालवलेले पुढचे थोडे किलोमीटर क्रँकही घालवतात.

घाट आणि पाणी

आपल्याकडे इंजिन जाण्याची दोन कारणं ठरलेली आहेत. खंडाळ्याच्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि ‘लोणावळ्याला पोचू, मग बघू’ म्हणून गाडी दामटली जाते. त्यात हेड वाकतं. दुसरं कारण पावसाळ्यात तुंबलेले रस्ते. पाणी हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका, असं सांगतात ते यासाठीच.

हे नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन लागतं. ते असेल तर आधी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेयरनं गाडी पाहिल्याशिवाय इंजिन खोलू नका. वापरानं झालेली झीज मात्र कोणत्याच विम्यात बसत नाही.

नवी मुंबईत काम कुठे करायचं?

पर्याय साधारण तीन आहेत.

कंपनीचं अधिकृत वर्कशॉप. तुर्भे, नेरूळच्या एमआयडीसी पट्ट्यात अशी बरीच आहेत. पार्ट अस्सल, बिल पक्कं. पण इथे दुरुस्तीपेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल असतो, त्यामुळे आकडा मोठा येतो. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरीकडे जाऊच नका.

मल्टिब्रँड किंवा ओळखीचं गॅरेज. खर्च कमी, मिस्त्रीशी थेट बोलता येतं. पण इथे एक प्रश्न विचारायलाच हवा: “लेथकाम कुठे करता?” बोरिंग, होनिंग, फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं बहुतेक गॅरेज बाहेरच्या मशीन शॉपमध्ये पाठवतात. इंजिन किती वर्षं टिकणार, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरतं. शक्य असेल तर त्या मशीन शॉपमध्ये स्वतः जाऊन या. सिलिंडरचं माप बोअर गेजनं घेतात की नुसत्या अंदाजानं, हे बघा. मोठ्या मापाचे पिस्टन सहसा ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा टप्प्यांत मिळतात. आधी पिस्टन आणून, तो मोजून मगच बोरिंग करायचं असतं. काही नव्या इंजिनांना कंपनी मोठ्या मापाचे पिस्टन देतच नाही, तिथे लाइनर किंवा तयार ब्लॉक हाच मार्ग उरतो.

ट्रक, टेम्पोचं काम असेल तर कळंबोलीचा पर्याय आहे. स्टील मार्केटमुळे तिथे अवजड वाहनांची सतत ये-जा असते आणि त्यांची कामं करणारे मिस्त्रीही आहेत.

तिसरा पर्याय, जुनं चालू इंजिन आणून बसवणं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात वापरलेले पार्ट मिळतात. काम लवकर होतं, पण त्या इंजिनाचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. शिवाय इथे कायदाही येतो.

इंजिन बदललं तर आरसीचं काय?

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल १४ दिवसांत आरटीओला कळवावा लागतो. एमएच-४३ गाडी असेल तर नवी मुंबई, एमएच-४६ असेल तर पनवेल आरटीओ. त्यासाठी त्या इंजिनाचं पक्कं बिल लागतं. बिलाशिवाय घेतलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील. नंबर जुळला नाही तर गाडी विकताना आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येते. आहे तोच ब्लॉक बोरिंग करून वापरला तर नंबर बदलत नाही.

खर्च करावा की गाडी काढून टाकावी?

समजा, चालू स्थितीत तुमच्या गाडीला बाजारात दीड लाख रुपये येतील आणि इंजिनाचं काम ७० हजारांचं आहे. इंजिन केल्यावर गाडीची किंमत ७० हजारांनी वाढत नाही, ती दीड लाखाचीच राहते. त्यामुळे प्रश्न असा विचारा: ही गाडी मी अजून किमान तीन-चार वर्षं वापरणार आहे का? बॉडी, सस्पेन्शन, गिअरबॉक्स धड आहेत का? उत्तर हो असेल तर खर्च पटतो.

वयही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर येतो. १५ वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झालं होतं. चौदाव्या वर्षी फुल इंजिन करणार असाल तर हाही हिशोब धरा. गाडी काढायचीच असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’वर नवी गाडी घेताना करात सवलत मिळते.

काम देण्याआधी लिहून काय घ्यायचं?

– पार्टची यादी, ब्रँड आणि किंमत. मजुरी आणि लेथकाम वेगळं.
– खोलल्यावर आणखी काही निघालं तर फोटो पाठवून, विचारूनच पुढे जायचं, ही अट.
– बदललेले जुने पार्ट परत मिळतील का.
– गॅरंटी किती महिन्यांची किंवा किलोमीटरची आणि त्यात मजुरी धरली आहे का.
– सोडताना गाडीचे किलोमीटर आणि इंजिन नंबरचा फोटो.

‘बिल नको, जीएसटी वाचेल’ या ऑफरला भुलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर तो २८ होता. आणि बिलच नसेल तर गॅरंटी फक्त तोंडी उरते.

वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाराही या कायद्यात ‘ग्राहक’ ठरतो.

काम झाल्यावर

नव्या रिंग बसायला वेळ लागतो. पहिले १००० किलोमीटर इंजिन फार रेस करू नका, जड लोड टाळा आणि एक्स्प्रेसवेवर तासन् तास एकाच वेगानं पळवू नका. ऑइल आणि फिल्टर पहिल्यांदा ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान बदला. दर आठवड्याला डिपस्टिक आणि कूलंट बघा. ऑइल कमी होताना दिसलं तर गॅरंटी संपायची वाट न पाहता लगेच गाडी दाखवा.